गार्डचा उतारा

जळगावच्या हवेत ब्लेझर घालायला हौसच लागते. डिसेंबर-जानेवारीतल्या काही सकाळी सोडल्या, तर तो कपाटातच बरा. तरीही नव्वदीच्या सुरुवातीला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात असताना, मला जगात एकच वस्तू हवी होती : खिशावर विद्यापीठाचे बोधचिन्ह असलेला मरून रंगाचा ब्लेझर. तो दुकानात मिळत नसे. विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात जो निवडला जाई, त्यालाच तो मिळे. आमचे विद्यापीठ तेव्हा नवेकोरे होते, त्यामुळे असा ब्लेझर घातलेला माणूस शहरात अजून कोणी फारसा पाहिलेला नव्हता, आणि न पाहिलेल्या वस्तूची ओढ अधिक असते.

मी गार्ड खेळायचो. चेंडू आपल्या बाजूकडून पुढे न्यायचा, कोण कुठे उभा आहे ते पाहायचे आणि योग्य माणसाच्या हाती द्यायचा, हे गार्डचे काम. 'पॉइंट गार्ड' हा पूर्ण शब्द आमचे क्रीडा संचालक एका प्रशिक्षण शिबिरातून घेऊन आले होते आणि तो ते अशा आदराने उच्चारीत, की आम्ही आपोआप ताठ उभे राहत असू. आम्ही त्यांना नुसते सर म्हणत असू.

संघात एकमेकांना गावाच्या नावाने हाक मारायची पद्धत होती. आमचा उंच सेंटर सावद्याच्या केळीवाल्या घरातला, म्हणून तो 'सावदा'. माझ्याबरोबरचा दुसरा गार्ड भुसावळजवळच्या औष्णिक वीज केंद्राच्या बाजूने येई, म्हणून तो 'दीपनगर'. मी जळगावातलाच असल्यामुळे माझ्या वाट्याला गाव नव्हते. माझे वडील एका जिनमध्ये कापसाचे ग्रेडर होते, तेव्हा मला 'ग्रेडर' म्हणत. वडिलांची पदवी अशी फुकट वापरताना मला थोडा संकोच वाटे. पण हाकेला ओ द्यावीच लागते.

विद्यापीठाच्या संघात दोन गार्ड घेत. त्यांतली एक जागा धुळ्याच्या एका मुरलेल्या खेळाडूची होती, हे सगळ्यांना ठाऊक होते. उरली एक. त्या एका जागेसाठी आमच्या कॉलेजातून दोघे होतो, मी आणि दीपनगर. मला तिथे ब्लेझर दिसत होता. त्याला दुसरे काही दिसत होते. त्याचे वडील वीज केंद्रात ठेकेदाराकडे कोळसा उतरवण्याच्या कामावर होते. कॉलनीतल्या साहेबांची मुले घरी गेली, की तो त्यांच्या कोर्टवर खेळायला शिकला होता. खेळाडूंच्या कोट्यातून वीज केंद्रात कायम नोकरी लागू शकते आणि त्यासाठी विद्यापीठाकडून खेळल्याचे प्रमाणपत्र लागते, ही माहिती त्याने कुठून तरी पक्की मिळवली होती. तो हसत म्हणे, "तुला कोट पाहिजे, मला कोटा." हसत म्हणे, म्हणून मीही ते हसण्यावारी नेले.

आता उताऱ्याविषयी सांगतो. आमच्याकडे कापूस जिनमध्ये गेला, की सरकी वेगळी होते आणि रुई वेगळी. शंभर किलो कापसातून जितकी रुई निघते, तो त्या कापसाचा उतारा. कुठल्या गावचा कापूस कसा, हे जिनमध्ये या एका शब्दावर ठरे. मी लहानपणापासून हा शब्द जेवणाच्या ताटावर ऐकत आलो होतो. कॉलेजात संख्याशास्त्र हा विषय घेतल्यावर मला वाटू लागले, की बास्केटबॉललाही उतारा का असू नये. चेंडू आपल्याकडे आला, की एक पाळी सुरू झाली. तो रिंगमधून गेला, कोणी हिसकावला किंवा बाहेर गेला, की पाळी संपली. दहा पाळ्यांत बारा गुण झाले, तर उतारा एक पूर्णांक दोन. संघाचे झाले, आता खेळाडूचे. तिथे मी असा नियम केला : गोल झाला, तर गोल करणारा आणि त्याला चेंडू देणारा, दोघांच्याही खात्यावर गुण मांडायचे; पाळी वाया गेली, तर शेवटी ज्याच्या हातात चेंडू होता, त्याच्या एकट्याच्या नावावर टाकायची.

नियम मला अगदी निर्दोष वाटला. यशाला दोन धनी आणि अपयशाला एकच, हे व्यवहाराशी जुळतही होते.

सरांना ही कल्पना सांगितली तेव्हा ते सायकलच्या पंपाने चेंडूत हवा भरत होते. त्यांनी पंप खाली ठेवला. इतकी वर्षे खेळाडू निवडताना त्यांना 'हा बरा वाटतो' याखेरीज काही म्हणता येत नसे, आणि मग इतर कॉलेजांचे संचालक 'आम्हाला आमचा बरा वाटतो' असे म्हणत. आता त्यांच्या हाती माप आले. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत बाकावर बसणारा एक राखीव खेळाडू माझ्या नियमाप्रमाणे नोंदी करी, मी रात्री आकडेमोड करी आणि सर तो कागद जिमखान्याच्या दारावर चिकटवीत.

हंगाम संपेपर्यंत गार्डांच्या उताऱ्यात मी सर्वांत वर होतो आणि दीपनगर सर्वांत खाली. मला याचे आश्चर्य वाटले नाही, हे आज लिहिताना मान खाली जाते. मी खरोखरच आश्चर्य वाटून घ्यायला हवे होते. त्याच्याबरोबर रोज खेळणारा मी, तो माझ्यापेक्षा चांगला आहे हे माझ्या पायांना ठाऊक होते. पण पायांचे म्हणणे कागदावर येत नाही.

घरी वडिलांना कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो वाचला आणि एवढेच विचारले, "हा वरचा तूच का?"

"हो."

"मग फ्रेम कर," असे म्हणून ते जेवायला बसले. ते कौतुक होते की आणखी काही, हे मी अजूनही ठरवू शकलेलो नाही.

डिसेंबरात, धुळ्याच्या निवड चाचणीच्या आदल्या रविवारी, सावद्याने सगळ्या संघाला शेतात भरीत खायला बोलावले. केळीच्या बागेच्या कडेला कपाशीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ केला होता आणि त्यात पांढरी, लांबट वांगी काळी पडत होती. भरीत खाणे सोपे असते. वांगे सोलणे अवघड. ते गार झाले, की साल चिकटते, म्हणून गरम असतानाच सोलावे लागते. आम्ही ओळीने बसलो. एकाने थोडे सोलायचे, बोटे भाजू लागली की पुढच्याकडे द्यायचे, त्याने थोडे सोलायचे, असे करत शेवटच्याने ते लाकडी बडगीत टाकायचे आणि तिथे सावद्याचे काका ते कुटत बसलेले. सावद्याच्या घरचा दंडक असा, की ज्याच्या हातून वांगे राखेत पडेल, त्याने पंगतीला वाढायचे आणि शेवटी जेवायचे.

मी दीपनगरच्या अलीकडे बसलो होतो. माझी बोटे नाजूक. वांगे माझ्याकडे आले, की मी एखादी साल ओढी आणि चटका बसण्याआधी ते पुढे सरकवी. दीपनगरच्या पलीकडे, ओळीच्या शेवटी, सावदा होता, पण तो काड्या सारायला उठला की पलीकडे कोणी नसे आणि वांगे दीपनगरच्याच हातात राही. शेवटी एक गरमागरम वांगे त्याच्या हातून निसटले आणि राखेत पडले.

"पडलं," सावदा म्हणाला. "दीपनगर वाढणार."

"लिही ग्रेडर, लिही," दीपनगर बोटांवर फुंकर घालत म्हणाला. "एक वांगं वाया. दीपनगरच्या नावावर."

"ग्रेडरच्या हातून एकही पडलं नाही, भो," ओळीतून कोणी तरी म्हणाले. "उतारा पैकीच्या पैकी."

"पडेल कसं? तो धरतोच कुठं?" दीपनगर म्हणाला.

सगळे हसले. मीही हसलो. पुढचे वांगे माझ्या हातात आले होते आणि ते मी सवयीने पुढे केलेही होते. पण या वेळी माझा हात अर्ध्यावर थांबला. दीपनगरने ते माझ्या हातातून स्वतःच घेतले, कारण मी ते धरून नुसता बघत राहिलो होतो आणि बोटे जळत होती.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे तीस सेकंदांत चेंडू रिंगकडे टाकावाच लागे. आमच्या कोर्टवर घड्याळ घेऊन बसलेला मुलगा वेळ संपत आली, की हात वर करी. तो हात वर गेला, की चेंडू कोणालाच नको असे, आणि सगळ्यांच्या तोंडून एकच शब्द निघे : "दीपनगर." तो घेई. लांबून, तोल जात असताना, दोघे अंगावर असताना टाकी. बहुतेक वेळा तो जात नसे. त्या सगळ्या मेलेल्या पाळ्या मी त्याच्या नावावर मांडल्या होत्या. त्यांतल्या कितीतरी माझ्याच हातून त्याच्याकडे गेल्या होत्या, अगदी वेळेवर, चटका बसण्याच्या आधी.

जिनमध्ये एका वेळी एकाच गाडीचा कापूस घालतात, म्हणून त्याचा उतारा त्याचाच असतो. आमच्या यंत्रात पाच गाड्यांचा कापूस एकदम पडत होता, आणि कोणत्या गाडीची किती रुई, हे मी ठणकावून सांगत होतो. त्याहून वाईट वाटले ते असे, की मी शोधलेले माप माझ्याच स्वभावावर बेतलेले निघाले. मी फसवले नव्हते. शिंप्याने प्रामाणिकपणे सदरा शिवावा आणि तो नेमका स्वतःलाच बसावा, तसे ते झाले होते.

मग पंगत बसली आणि दीपनगर वाढू लागला. सावद्याच्या पानावर त्याने वरून तेल जास्त घातले. राखीव खेळाडू लाजून मागणार नाही, म्हणून त्याच्या पानावर आधीच दुसरी पुरी ठेवली. मला तिखट सोसत नाही. माझ्यासाठी त्याने कडेचे, मिरची न लागलेले भरीत घेतले. त्याने कोणाला काही विचारले नाही, आणि कोणाचे पान रिकामे राहिले नाही. मी खाली मान घालून जेवलो. भरीत फार चांगले झाले होते.

सोमवारी मी जिमखान्यात गेलो.

"सर, उताऱ्याचं माप चुकलंय."

"कोणी सांगितलं?"

"मीच सांगतोय."

"पण त्यात तू पहिला आहेस."

"हो सर. म्हणूनच."

सरांनी माझ्याकडे नीट पाहिले. "नापास झाला म्हणून पेपर पुन्हा तपासा म्हणणारे रोज येतात. पास झाला म्हणून आलेला तू पहिलाच." मी त्यांना वांग्यांसकट सगळे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "दुसरं माप आणलंयस?"

"नाही सर. त्यासाठी नोंदी वेगळ्या ठेवायला हव्या होत्या. आता त्या होणार नाहीत."

"मग हा कागद काढून तिथे काय लावू? त्याच्याखाली दाराला भोक आहे." ते जरा ओशाळून म्हणाले, "आणि त्याच्या झेरॉक्स मी धुळ्याला, शिरपूरला, अमळनेरला पाठवल्यात. सगळ्यांना आवडलं. आता सगळेच आपापल्या गार्डचा उतारा काढतायत."

चाचणीला आम्ही एसटीने निघालो. दीपनगर माझ्या शेजारी बसला होता. एरंडोलला त्याने खिडकीची काच सरकवली. मग म्हणाला, "मी ठरवलंय. आज तुझ्यासारखं खेळणार."

"माझ्यासारखं म्हणजे?"

"म्हणजे धरायचं नाही. आलं की दिलं."

"अरे, ते माप चुकीचं आहे. मी सरांना सांगितलं."

"सर काय म्हणाले?"

"दाराला भोक आहे म्हणाले."

तो खिडकीबाहेर बघत हसला. "माप चुकीचं असेल, ग्रेडर. पण मोजणारे तेच घेऊन बसणार ना? घरी दोन बहिणी आहेत मला. मी आज हिंमत दाखवायला नाही चाललो, सिलेक्ट व्हायला चाललोय."

पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी भजी आणली. त्याने भाजलेल्या बोटांनी ती जपून खाल्ली.

धुळ्याच्या त्या मैदानावर जे झाले, तसा बास्केटबॉल मी पुन्हा पाहिला नाही. सगळ्या कॉलेजांची मुले मिसळून संघ पाडले होते, आणि कागदाची कीर्ती आमच्याआधी पोहोचली होती. शिरपूरचा गार्ड चेंडू मिळताच अमळनेरच्या मुलाला देई, तो नंदुरबारच्या मुलाला, तो परत शिरपूरला. दहा जण चेंडूकडे पाठ करून धावत होते. घड्याळवाल्याचा हात वर जाई, शिट्टी वाजे, चेंडू दुसऱ्या संघाकडे जाई आणि तिथेही तेच. कडेला सायकली टेकून दोन म्हातारे बघत उभे होते.

"हाऊ खेय शे का काय शे, नाना?" एकाने अहिराणीत विचारले. "बठ्ठा पासच दी राह्यनात. टाकाले कोनीच तयार नही."

"लगनमा पंगत बठी शे," दुसरा म्हणाला. "तुम्ही ल्या, तुम्ही ल्या."

दीपनगर समोरच्या संघात होता आणि त्याला अडवायला मी होतो. तो शब्दाला जागला होता. चेंडू आला की देत होता, अगदी माझ्यासारखा, आणि मला ते बघवत नव्हते. स्वतःची चाल दुसऱ्याच्या पायांवर दिसली, की ती किती खुजी आहे ते कळते. शिवाय तो ती माझ्याइतकी चांगली चालतही नव्हता. माझा त्या कामात सराव होता.

पुढे मी जे केले, त्याला त्याग वगैरे कोणी म्हणू नये. कारणे मला नीट सांगताही येत नाहीत. चेंडू माझ्याकडे आला, पलीकडे घड्याळवाल्याचा हात वर गेला, चार सोबती चार दिशांना तोंडे लपवून उभे होते, आणि मी चेंडू सोडला नाही.

दीपनगर समोर येऊन वाकला. "सोड ना," तो हळूच म्हणाला. "जळेल."

"जळू दे."

मी टाकला. तो फळीवरून पलीकडे, थेट लिंबाच्या झाडात गेला. म्हाताऱ्यांना आनंद झाला. पुढच्या वेळी मी पुन्हा धरला, रिंगकडे शिरलो आणि स्वतःच्या पायावर आपटून चेंडू बाहेर घालवला. तिसऱ्या वेळी दीपनगरने तो माझ्या हातून सरळ काढून घेतला. त्याच्यासमोर सगळे मैदान मोकळे होते. तो रिंगपासून तीन पावलांवर जाऊन थांबला आणि चेंडू कोणाला द्यावा, म्हणून मागे वळून बघू लागला. मागे फक्त मी होतो.

"टाक," मी म्हणालो.

मग त्याच्या चेहऱ्यावर ते जुने, थोडे उर्मट हसू आले, आणि त्याने माझ्याकडे पाठ फिरवून टाकला. गेला.

त्यानंतर तो स्वतःसारखा खेळला. पुष्कळ चुकलाही. पण त्याने एकदा रिंगकडे बघायला सुरुवात केल्यावर बाकीचेही बघू लागले. शिरपूरच्या उंच मुलाला हात वर करण्याआधीच चेंडू मिळू लागला. पानावर न मागता पुरी यावी, तसा. मीही खेळलो. मला खूप मजा आली आणि मी फार वाईट खेळलो. दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, हे मला आधी ठाऊक नव्हते.

संध्याकाळी यादी वाचली. धुळ्याचा मुरलेला गार्ड, आणि मग दीपनगर. निवड समितीने कागद पाहिला की खेळ, की नुसताच 'हा बरा वाटतो' असा जुना निकष लावला, मला माहीत नाही. माझ्यामुळे काही झाले असे मी म्हणत नाही. तसे म्हणावेसे वाटते, म्हणूनच म्हणत नाही.

सर जवळ आले. "आज तुझा उतारा मी लिहिला नाही," ते म्हणाले.

"किती आला असता, सर?"

"सरकीच जास्त होती," असे म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. दारावरचा कागद पुढच्या आठवड्यात निघाला. त्या भोकावर सरांनी एक कॅलेंडर लावले.

ब्लेझर एप्रिलमध्ये आले. विद्यापीठाने सगळ्यांना एकाच मापाचे शिवले होते. एका दुपारी, रस्त्यावरचे डांबर चिकटत असताना, दीपनगर प्लॅस्टिकच्या पिशवीत ब्लेझर घेऊन जिनमागच्या आमच्या घरी आला. प्रमाणपत्र त्याने जपून घरी ठेवले होते; त्याच जोरावर पुढे दोन वर्षांनी तो वीज केंद्रात कायम झाला आणि त्याच्या वडिलांचे कोळशाचे काम सुटले. त्या दुपारी मात्र हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हते.

"घाल," तो म्हणाला.

"अरे, तुझा आहे."

"माझं काम कागदाशी आहे. कोट तुला पाहिजे होता ना? चल, फोटो काढू."

मी नाही नाही म्हणत गेलो. स्टुडिओत पंखा बंद करावा लागला, कारण मागचा पडदा हलत होता. ब्लेझर मला फार मोठा होत होता, बाह्या बोटांच्या टोकापर्यंत येत होत्या. म्हणून मी कोपरे वाकवून दोन्ही हात छातीपुढे घेतले आणि बाह्यांचे काठ मुठीत धरून ठेवले. फोटोग्राफरने दोनदा सांगितले, "भाऊ, हात खाली सोडा."

मी सोडले नाहीत. घाम गळत होता.

तो तिसऱ्यांदा सांगायला आला, तेव्हा कॅमेऱ्यामागून दीपनगर म्हणाला, "राहू द्या हो. पहिल्यांदाच काहीतरी धरलंय त्याने."